सरईची साल आणि जंगलाचा कस

बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेचे खोरे मागे टाकून पूर्वेला बैहरच्या पठारावर चढू लागले की जंगल पालटते. खाली वारासिवनी-कटंगीच्या बाजूला साग आणि बांबू. वर बैहर, मुक्की आणि कान्हाच्या दिशेला सरई. शास्त्रीय नाव शोरिया रोबस्टा. सरकारी कागदांत या झाडाला साल म्हणतात, पण या लेखात झाडांच्या सालीविषयी बरेच लिहायचे आहे. म्हणून तिकडच्या लोकांच्या तोंडी असलेले सरई हेच नाव मी वापरतो.

गेल्या शंभर वर्षांत सरईच्या या पट्ट्याने किडीच्या दोन मोठ्या साथी पाहिल्या. पहिली 1920 च्या दशकात. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांतात होता आणि त्याचा कारभार नागपुरातून चाले. दुसरी 1990 च्या दशकात. 1997-98 च्या सुमारास तिने कळस गाठला. मंडला, आजचा डिंडोरी, बालाघाट आणि त्यापलीकडच्या जंगलांत लाखो झाडे वाळली. दोन्ही वेळी आरोपी एकच होता. वनखाते त्याला साल बोरर म्हणते. शास्त्रीय नाव होप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निस. लांब मिशांचा, तपकिरी, बोटाएवढा भुंगेरा.

आरोपी खरा आहे, पण एवढ्यावर तपास थांबवणे मला मान्य नाही. हा भुंगेरा दर पावसाळ्यात या जंगलात असतोच. बहुतेक वर्षी तो चार पडलेल्या, चार म्हाताऱ्या झाडांवर भागवतो, आणि एखाद्या वर्षी डोंगरच्या डोंगर वाळवतो. हा फरक का पडतो? माझे म्हणणे असे की याचे उत्तर बऱ्याच अंशी झाडाच्या सालीत आहे: तिची जाडी, तिच्या भेगा, तिच्यातला रस आणि राळ यांत. आणि जंगलातली साल कोणत्या अवस्थेत राहावी, हे आपल्या कारभारावर अवलंबून असते. म्हणून साथ आल्यावर भुंगेरे मोजण्यापेक्षा साथ नसताना साली तपासणे हे वनव्यवस्थापनाचे पहिले काम असले पाहिजे.

आधी या किड्याचे वर्ष समजून घेऊ. जूनमध्ये मृगाच्या सरी कोसळल्या की मागच्या वर्षीचे भुंगेरे खोड पोखरून बाहेर येतात. सरईच्या ताज्या जखमेतून पाझरणारा रस हे त्यांचे सर्वांत मोठे आकर्षण. त्या रसाच्या वासावर ते दुरून उडत येतात, रस पितात, जोड्या जमतात आणि मादी सालीच्या भेगांत, जखमांच्या कडांना अंडी घालते. एक मादी शेकड्याच्या हिशेबाने अंडी देते. आठवड्याभरात अळी बाहेर पडते आणि सालीतून आत शिरते. तिचे पहिले घर म्हणजे बाहेरची साल आणि लाकूड यांच्यामधला मऊ, ओला थर, म्हणजे अंतर्साल. पानांत तयार झालेले अन्न याच थरातून मुळांकडे उतरते. अळी तिथे खाते, वाढते, मग बाहेरच्या लाकडात आणि शेवटी गाभ्यात उतरते. झाडाच्या बुडाशी लाकडाच्या भुश्याचा ढीग साचतो. हिवाळ्यात अळी गाभ्यात कोश करते आणि तयार झालेला भुंगेरा पुढच्या पावसाची वाट पाहत आत बसून राहतो. वर्षाला एक पिढी.

या सगळ्या वर्षात अळीच्या जगण्या-मरण्याचा निर्णय पहिल्या काही दिवसांतच होतो, आणि तो सालीत होतो. गाभ्यात पोचलेल्या अळीला झाड फारसे काही करू शकत नाही. सालीत मात्र झाडाकडे हत्यार आहे: राळ. आपल्याकडे धूप म्हणून जळते तीच ही राळ. निरोगी, पाण्याने भरलेल्या सरईच्या सालीला अळीने भोक पाडले की तिथे राळ धावून येते आणि इवलीशी अळी तिच्यात बुडून मरते. दहा-वीस अळ्या आल्या तर सशक्त झाड त्यांना असेच संपवते. त्याच्या खोडावर राळेचे ओघळ दिसतात आणि बुडाशी भुसा दिसत नाही. शेकडो अळ्या एकाच वेळी आल्या, किंवा झाड आधीच थकलेले असले, तर राळ अपुरी पडते. अळ्या अंतर्साल चहूबाजूंनी कुरतडतात, मुळांकडे जाणारे अन्न तुटते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत शेंड्याची पाने तांबूस होऊ लागतात.

आता जाडी आणि भेगांकडे पाहू. कोवळ्या सरईची साल बरीचशी गुळगुळीत असते. वय वाढते तशी ती काळपट, जाड होते आणि तिला उभ्या खोल चिरा पडतात. ही जाड साल झाडाला वणव्यापासून वाचवते. पण त्याच चिरा भुंगेऱ्याला दिवसा लपायला आणि अंडी ठेवायला जागा देतात, आणि मोठ्या घेराच्या खोडात अळीला भरपूर खाणे मिळते. या भुंगेऱ्याच्या आकारात विलक्षण तफावत आढळते: काही दोन-अडीच सेंटिमीटरचे, काही सहा सेंटिमीटरच्याही पुढे. अळीपणी पोटभर मिळाले की भुंगेरा मोठा होतो. म्हणून मोठ्या, जुन्या झाडांकडे त्याचा ओढा जास्त असतो. साथ हाताबाहेर गेली की तो लहान झाडेही सोडत नाही, पण सुरुवात बहुधा जुन्यांपासून होते.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, पाइनच्या जंगलांत, हाच हिशेब शास्त्रज्ञांनी बारकाईने मांडला आहे. तिथला किडा वेगळ्या कुळातला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचे नाव माउंटन पाइन बीटल. त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य अंतर्सालीतच जाते. अमेरिकेच्या वनसेवेतील जीन अमन यांनी 1970 च्या सुमारास दाखवून दिले की अंतर्साल जितकी जाड, तितकी या किड्याची पुढची पिढी मोठी. पातळ अंतर्सालीच्या झाडातून आत शिरले त्याहून कमी किडे बाहेर पडतात. जाड अंतर्सालीच्या झाडातून कितीतरी जास्त. म्हणजे पातळ सालीच्या झाडांचे जंगल साथ विझवते आणि जाड सालीच्या झाडांचे जंगल ती पेटती ठेवते. कोलोरॅडोत स्कॉट फेरेनबर्ग आणि जेफ्री मिटन यांनी 2014 मध्ये लिंबर पाइनवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुळगुळीत सालीवर या किड्याचे पाय टिकत नाहीत, तो घसरून पडतो, आणि अशी साल असलेली झाडे हल्ल्यातून जास्त वाचतात, असे त्यांना आढळले. युरोपातल्या स्प्रूस वृक्षावर दोन किडे खोड वाटून घेतात: आठदाती किडा खालच्या जाड सालीत राहतो, त्याचा लहान भाऊबंद वरच्या पातळ सालीत आणि फांद्यांत. शिवाय जाड साल किड्याला त्याच्या शत्रूंपासूनही वाचवते. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी माशीची सुई जाड सालीतून आतपर्यंत पोचत नाही.

या सगळ्यातून एकच गोष्ट पुढे येते. झाडाची साल एकाच वेळी तट आणि कोठार असते. झाड जितके मोठे, तितका तट उंच आणि तितकेच कोठारही भरलेले. तटावर पहारा आहे तोवर कोठार सुरक्षित. पहारा उठला की सगळ्यांत मोठी लूट तिथेच होते. पहारा म्हणजे राळ, आणि राळ म्हणजे झाडाचा दम. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून याच पाइन किड्याने सुमारे 1.8 कोटी हेक्टर जंगलाला ग्रासले. तिथे दशकानुदशके वणवे विझवत राहिल्यामुळे एकाच वयाची, जून झालेली झाडे दाटली होती, आणि हिवाळे सौम्य झाल्याने सालीखालच्या अळ्या थंडीने मरेनाशा झाल्या होत्या. किडा तिथे हजारो वर्षांपासून आहे. बदलले होते ते जंगल आणि हवामान.

पाइनच्या किड्यात आणि सरईच्या भुंगेऱ्यात एक फरक मात्र आहे, आणि बालाघाटच्या दृष्टीने मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाइनचा किडा झाडात शिरला की स्वतःच गंध सोडून सोबत्यांना बोलावतो. सरईकडे भुंगेऱ्यांना खेचून आणतो तो मुख्यतः झाडाच्या जखमेतला रस. कुऱ्हाडीचा घाव, वादळात मोडलेली फांदी, पावसाळ्याच्या तोंडावर तोडून सालीसकट पडू दिलेला ओंडका: यातला प्रत्येक घाव भुंगेऱ्याला आवतण देतो. पडलेल्या ओंडक्याची स्थिती तर आणखी वाईट. त्याची अंतर्साल काही आठवडे ओली, रसरशीत राहते, पण तोडलेल्या खोडात राळ पूर्वीच्या जोमाने धावत नाही. म्हणजे अळीला अन्न पूर्ण आणि विरोध शून्य. जिवंत झाडाशी लढून हरणारी कीड अशा ओंडक्यांवर पोसली जाते आणि पुढच्या वर्षी संख्येच्या बळावर जिवंत झाडांवर जाते. सरईच्या साथीचे बीज पुष्कळदा असे जमिनीवर पडलेले असते.

वनखात्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. एडवर्ड स्टेबिंग यांनी 1914 मध्ये भारतातील वनकीटकांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात आणि बीसन यांनी 1941 मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील अनुभवावर लिहिलेल्या ग्रंथात या भुंगेऱ्याचा समाचार घेतला. सापळा-झाडाची पद्धतही जुनीच आहे. पाऊस सुरू झाला की काही झाडे पाडायची, त्यांचे ओंडके करायचे, टोके ठेचून साल सैल करायची, म्हणजे रस पाझरतो. भुंगेरे रात्रीत जमतात, रस पिऊन सुस्त होतात, आणि सकाळी माणसे त्यांना वेचून मारतात. 1990 च्या दशकातल्या साथीत हेच काम प्रचंड प्रमाणावर झाले. बैगा आणि गोंड कुटुंबांनी भर पावसात भुंगेरे वेचले. मुंडक्यांच्या मोजणीवर मजुरी मिळाली. हे काम उपयोगी होते आणि ते करणाऱ्यांचे कष्ट मोठे होते. पण कोट्यवधींच्या संख्येने भुंगेरे गोळा होण्याची वेळ आली, तेव्हा जंगल लढाईचा पहिला टप्पा हरून बसले होते. शिवाय या पद्धतीत एक धोका आहे. सापळ्याचा ओंडका वेळेवर सोलला नाही, हलवला नाही, तर त्याच्या सालीत घातलेली अंडी वाढतात आणि सापळाच पैदासकेंद्र होतो.

दुसरा उपाय होता तोड. इथे वाद पेटला. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात मंजूर कार्य-आयोजनेशिवाय होणाऱ्या वृक्षतोडीला देशभर लगाम घातला होता. त्याच काळात बोररच्या नावाखाली लाखो सरई तोडली जाऊ लागली. एक बाजू म्हणाली, किडलेले प्रत्येक झाड तोडा, नाहीतर जंगल जाईल. दुसरी म्हणाली, किडीचे निमित्त करून लाकूड काढले जात आहे, कुऱ्हाड थांबवा. दोन्ही बाजूंच्या भीतीला आधार होता. माझ्या मते दोघांचीही नजर चुकीच्या जागी होती. झाड किडले आहे का, एवढे विचारून भागत नाही. लढाई कोण जिंकते आहे ते पाहावे लागते. खोडावर राळेचे ओघळ आहेत, शेंडा हिरवा आहे आणि बुडाशी भुसा नाही, ते झाड जिंकते आहे. त्याला तोडणे म्हणजे विजयी शिपायाला मारणे, आणि वर त्याच्या बुंध्यातून नवा रस सांडून भुंगेऱ्यांना बोलावणे. उलट ज्याच्या बुडाशी भुश्याचा ढीग आहे आणि शेंडा वाळला आहे, ते झाड गेलेले आहे. त्याच्या गाभ्यातले भुंगेरे जूनमध्ये उडणार आहेत. ते झाड पावसापूर्वी जंगलाबाहेर गेलेच पाहिजे. ते करुणेपोटी उभे ठेवले तर शेजारची दहा झाडे धोक्यात येतात. त्या काळात खात्यानेही लक्षणांवरून झाडांचे वर्ग पाडले होते, आणि ती दिशा बरोबर होती. असे वर्ग साथीच्या घाईत पाडण्याऐवजी दरवर्षी, शांतपणे पाडले गेले पाहिजेत, एवढाच माझा आग्रह आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. साथीच्या ऐन भरात निरोगी, तरुण झाडेही मेली. मग सालीच्या बळाला काय अर्थ? अर्थ आहे, आणि तो संख्येशी बांधलेला आहे. राळेची ताकद अमर्याद नसते. प्रत्येक झाड किती अळ्या मारू शकेल याला सीमा आहे, आणि भुंगेऱ्यांची संख्या ती सीमा ओलांडून गेली की निरोगी झाडही पडते. म्हणूनच सालीचे बळ संख्या वाढण्यापूर्वी उपयोगी पडते, नंतर नाही. हवामानाचा वाटाही मी नाकारत नाही. दुष्काळाने झाडाचा दम तुटतो, दमट पावसाळा भुंगेऱ्याला मानवतो, आणि यावर कुणा वनरक्षकाचा ताबा नाही. पण दुष्काळ आला तेव्हा जंगलात जून, जखमी झाडे किती होती आणि सालीसकट पडलेले ओंडके किती होते, हे तर माणसाच्या हातातले होते.

सरईच्या सालीला आपण जखमा कुठे कुठे करतो ते पाहा. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून आणि तेंदूला नवी पालवी यावी म्हणून उन्हाळ्यात आग लावली जाते. जाड साल ती एकदा-दोनदा सोसते, पण दरवर्षी जळणाऱ्या झाडाची बुडाशी साल फुटते, लाकूड उघडे पडते आणि झाड आतून पोकळ होते. राळ काढण्यासाठी बुंध्याच्या सालीच्या पट्ट्या सोलल्या जातात. किड्याशी लढायचे हत्यार त्यातच निघून जाते आणि जखम उघडी राहते. रस्त्याकडेच्या झाडांना यंत्रांचे घाव बसतात. कूप तोडताना पडणारे झाड शेजारच्या चार झाडांची साल खरवडते. गावाजवळच्या जंगलात कोवळी रोपे गुरांच्या पायांखाली जातात. सरईचे बी पावसाच्या तोंडी पिकते आणि आठवड्याभरात रुजले नाही तर निकामी होते, त्यामुळे नवी पिढी आधीच अवघड. परिणामी अनेक ठिकाणी फक्त म्हातारी झाडे उरतात: जाड सालीची, खोल भेगांची, कमी दमाची. भुंगेऱ्याला याहून सोयीचे जंगल कोणते?

मग करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि चारही नेटाने, साथ असो वा नसो.

पहिली: जूनच्या मध्यापर्यंत सालीसकट एकही ताजा ओंडका जंगलात किंवा जंगलालगतच्या डेपोत राहता कामा नये. जो हलवता येत नाही तो सोलून टाकावा. सोललेल्या ओंडक्यात नव्या अळीला आसरा नाही. पावसाळ्यात वादळाने पडलेल्या झाडांनाही हाच नियम, आणि त्यासाठी वरून परवानगी येण्याची वाट पाहावी लागू नये.

दुसरी: दरवर्षी थोडी सापळा-झाडे, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवसांत, आणि त्यांचे ओंडके वेळेवर नष्ट करण्याची लेखी जबाबदारी. सापळ्यात किती भुंगेरे आले हा आकडा साथीची आगाऊ सूचना देतो. तो दरवर्षी नोंदला तर सरकार आधी जागे होईल.

तिसरी: दर हिवाळ्यात खोडांची पाहणी. भुसा, राळ, शेंड्याचा रंग, बुडाची जखम. हे काम बैगा आणि गोंड माणसांइतके चांगले कोण करेल? भुश्याचा रंग पाहून झाडाची अवस्था ओळखणारे डोळे त्यांच्याकडे आहेत. पण त्यांना दर मुंडक्यामागे पैसे देण्याची रीत मला अपुरी वाटते, कारण त्या हिशेबात भुंगेरे जितके जास्त तितकी कमाई जास्त. त्यांना वर्षभराचे, ठरलेल्या वेतनाचे वनपहारेकरी म्हणून नेमावे, म्हणजे भुंगेरे कमी असण्यातच त्यांच्या कामाचे यश दिसेल.

चौथी: जंगलात वयांची आणि जातींची सरमिसळ. सरईच्या जोडीला साजा, धावडा, बिजा, तेंदू असू द्यावेत. लहान, मध्यम, मोठी झाडे एकत्र वाढू द्यावीत. जुनी झाडे सगळी काढा असे मी म्हणत नाही. भुंगेऱ्याच्या अळ्या खाणारे सुतार पक्षी जुन्या खोडांवरच राहतात, आणि बोररच्या अळ्या फस्त करणारी अलाउस सॉर्डिडस या भुंगेऱ्याची अळीही अशाच लाकडात असते. पण नुसती जुनी झाडे म्हणजे जंगल नव्हे. आगीला आणि चराईला काही वर्षे आळा घालून तरुण पिढी वर येऊ दिली, तरच पुढच्या दुष्काळात झाडांच्या अंगी दम असेल.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. सोलापूर-नाशिककडचा डाळिंबवाला शेतकरी खोडाला छिद्रे पाडणाऱ्या इवल्या भुंगेऱ्यांशी झगडतो आणि पावसाळ्यापूर्वी खोडाला गेरूचा लेप देतो. साल जपली तर बाग जगते हे त्याला अनुभवाने पटले आहे. जंगलाला मात्र एकच मालक नाही, म्हणून त्याच्या सालीकडे कुणी रोज पाहत नाही. बैहरच्या पठारावरचे पाणी काही बंजरमार्गे नर्मदेला जाते, काही वैनगंगेला मिळून गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत उतरते. त्या पाण्याची धारण तिथल्या सरईच्या मुळांशी आहे.

1920 चे दशक आणि 1990 चे दशक यांत सत्तर वर्षांचे अंतर होते. दुसऱ्या साथीलाही आता पाव शतक उलटले आहे. त्या वेळी वाचलेली झाडे म्हातारी होत आहेत, उन्हाळे कडक होत आहेत आणि पावसाचे वेळापत्रक बिघडले आहे. तिसरी साथ येईल तेव्हा पुन्हा मुंडकी मोजायची की आजच सालींची निगा राखायची, हा निर्णय मध्य प्रदेशच्या वनखात्याने, जंगलालगतच्या ग्रामसभांनी आणि या जंगलाच्या पाण्यावर जगणाऱ्या आपण सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. तो साथ येण्यापूर्वीच घेतला पाहिजे. नंतर घेतलेल्या निर्णयाने झाडे वाचत नाहीत.